डबल बीचं पहिलं पाणी

चंद्राबाईला कुणाचं काही पटायचंच नाही. दूध घालणाऱ्याच्या मापावर संशय, पोस्टमनच्या हसण्यावर संशय. आटपाडीच्या बाजारात ती भाजी घेताना तराजूकडे नाही, तराजू धरणाऱ्याच्या बोटांकडे बघायची. अशा बाईच्या घरी अक्षता सून म्हणून आली आणि माहेराहून डबल बीचं बी घेऊन आली, तांबूस ठिपक्यांचं.

तिनं ते मुरमाड पट्टीत लावलं. वेल पसरले, शेंगा लागल्या. उन्हाळा आला तरी वेल मरेनात, उलट दुसऱ्या वर्षी नव्यानं फुटले.

"मरत न्हाई ते पीक कसलं गं?" चंद्राबाई म्हणाली.

"पाल्यानं जमीन झाकून ऱ्हातीया, आत्या. उन्हात भाजत न्हाई."

चंद्राबाईनं काठीनं पाला उचकून बघितला. खाली ओल होती. त्यानं तर संशय आणखीच वाढला, कारण त्या पट्टीनं उभ्या जन्मात तिला वैशाखात ओल दाखवली नव्हती.

पण खरं खटकलं ते पाणी. अक्षता दाणे भिजवलेलं पाणी ओतून द्यायची आणि पहिल्या उकळीचंही मोरीत घालवायची. पुरणाच्या डाळीची येळवणी टाकणाऱ्या बाईला या मुलखात नावं ठेवतात; त्या पाण्याचीच तर कटाची आमटी होते.

"त्यात इख असतंय. आमच्यात पयलं पाणी कुणी खात न्हाई," सून म्हणाली.

पाणी विषारी आणि त्यातच शिजलेला दाणा गोड? चंद्राबाईच्या मते पोरगी खोटं बोलत होती. मुलगा राजरत्न पुण्याला कंपनीत, सगळं घर या सुनेच्या भरवशावर. सून खरी की खोटी, एकदा पडताळायलाच हवं होतं.

एके सकाळी अक्षता दाणे भिजत ठेवूनच शेतात गेली. म्हातारीनं त्याच पाण्यात ते शिजवले, येळवणी काढली आणि झणझणीत आमटी केली. दुपारी सून आली, आमटी कशाची ते न सांगता तिला आयतं ताट वाढलं. लग्नानंतर सासूनं पहिल्यांदाच वाढलं म्हणून अक्षता हरखली. भुरके मारत दोन वाट्या आमटी प्यायली.

"लय ब्येस झालीया, आत्या."

सापडलीस, कुठाय तुझं इख, चंद्राबाई मनात म्हणाली.

थोड्या वेळानं अक्षता भिंत धरून उभी राहिली. ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळे फिरले, धाप लागली. शेजारचा धुळा जीप घेऊन आला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला. काय खाल्लं होतं, डॉक्टरांनी विचारलं. अक्षताला बोलवत नव्हतं. चंद्राबाईला गप्प बसता आलं असतं.

"येळवणीची आमटी. ह्या पोरीनं नगं म्हणून सांगितलं व्हतं, तरी मी केली," ती सगळ्यांदेखत म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्षता वाचली. ती हिंडूफिरू लागल्यावर चंद्राबाईनं स्वतः दाणे शिजवले, दोन्ही वेळचं पाणी ओतून दिलं आणि ताट वाढलं. अक्षतानं घास उचलला आणि तसाच धरला. वास घेतला.

"आत्या, पाणी टाकलंय न्हवं?"

तो आवाज चंद्राबाईच्या चांगला ओळखीचा होता. आजवर तो तिचाच होता.

"टाकलंय," ती म्हणाली आणि सुनेच्या ताटातला घास उचलून आधी आपल्या तोंडात घातला. ती गिळेपर्यंत अक्षता बघत राहिली.