मालकाच्या नावावरचे ठोके

कुंताबाईच्या घरात सगळं यादोरावांच्या नावावर. शेत, घर, गॅसची टाकी, विम्याचं कार्ड. पूर्वी रेशनकार्डही त्यांचंच होतं. पिशवी घेऊन रांगेत कुंताबाई उभी राहायची आणि तांदूळ यादोरावांच्या नावाने निघायचा. चाळीस वर्षं असंच चाललं. म्हणून पुढे जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही, संताप आला.

मी पुंडलिक, त्यांचा शेजारी. सानगडीजवळच्या या गावात तीस वर्षं सरकारी आरोग्यसेवक होतो, हे सांगायची आता लाज वाटते.

त्यांचा मुलगा चंद्रकुमार पुण्याला असतो. तीन वर्षांत त्याला गावाकडे यायला सवड झाली नाही, पण दिवाळीला त्याने बापासाठी नाडी मोजणारं घड्याळ पाठवलं. ठोके इकडे पडणार आणि त्याला तिकडे मोबाइलवर दिसणार. "काका, आता बाबा चोवीस तास माझ्या नजरेसमोर आहेत," असं त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. आईसाठी सून डिंपलने दोन साड्या पाठवल्या, स्वतःच्या नेसून झालेल्या.

आषाढात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. घड्याळ चिखलात खराब होईल म्हणून यादोराव सकाळी ते काढून ठेवायचे. काढलं की लगेच पुण्याहून फोन यायचा, "बाबा, घड्याळ का काढलं?" रोजच्या बोलण्याला कंटाळून त्यांनी शक्कल लढवली. शेतावर जाताना घड्याळ कुंताबाईच्या मनगटाला बांधायचं आणि त्याला जोडलेला मोबाइल घरीच कोनाड्यात ठेवायचा. हे मला फार उशिरा कळलं.

यंदा कुंताबाई घरीच होती. "दम लागते," म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिचा एक रोवणा चुकला नव्हता. ती धानाच्या बांधीत उतरली नाही, एवढं बघायला घड्याळ कशाला हवं होतं? डोळे पुरे होते. ते गावात कुणी वापरले नाहीत, मीही नाही.

रोवण्याच्या चौथ्या दिवशी चंद्रकुमारचा मला फोन आला. "काका, बाबांचे ठोके सकाळपासून बिघडलेत. ताबडतोब भंडाऱ्याला न्या." मी धावत शेतावर गेलो. यादोराव शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहून बायांवर ओरडत होते, आवाज खणखणीत. निरोप ऐकताच मटकन खाली बसले आणि छातीला हात लावला. "तरीच भाऊ, मले कालपासून कसंकसंच होऊन राहिलं." पोराने पुण्याहून सांगितलं आणि बापाच्या छातीत दुखायला लागलं. असा आज्ञाधारक रोगी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

गाडी आली. कुंताबाईने धापा टाकत त्यांची पिशवी भरली, आतल्या खोलीत नेऊन घड्याळ त्यांच्या हाताला बांधलं आणि मागे राहिली. मजुरांचा स्वयंपाक व्हायचा होता.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं. काहीच निघालं नाही. चंद्रकुमारने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'तंत्रज्ञानामुळे बाबा वेळेत दवाखान्यात पोचले.' चाळीस जणांनी अंगठे उठवले. त्यातला एक माझा.

आठ दिवसांनी यादोराव पुन्हा शेतावर आणि पुण्याहून पुन्हा तोच फोन. या वेळी मी आधी त्यांच्या घरात शिरलो. कुंताबाई चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात मांडीवर पडलेला. त्याच हातावर, बांगड्यांच्या वर, घड्याळ थरथरत होतं.

तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "ठोके बऱ्याच दिवसांपासून बिघडलेले असणार. त्यानेच गुठळी होऊन मेंदूत गेली. आठ दिवस आधी आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं." आठ दिवस आधी आम्ही त्यांच्याच समोर बसलो होतो, भलताच माणूस घेऊन.

बाहेर येऊन मी यादोरावांना धरलं. "तिच्या हाताले कायले बांधलं होतं जी?"

"घड्याळ तं माह्या नावावर हाय ना," ते म्हणाले. "चंदूनं माहं नाव टाकून देल्लं. कोणाच्याबी हाताले रायलं तरी माहंच मोजाले पायजे." वर कंपनीला दोष दिला. त्यांना शिकवून उपयोग नव्हता. घरातलं दुखणंसुद्धा मालकाच्याच नावावर जमा व्हायला हवं, अशी त्यांची समजूत. आणि आम्हा शिकलेल्यांची तरी वेगळी कुठे होती? बायको धापा टाकत होती आणि आम्ही नवऱ्याला गाडीत बसवलं होतं.

संध्याकाळी कुंताबाईच्या खाटेशी बसून मी चंद्रकुमारला फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून माझा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. घड्याळ कुणाच्या हातात होतं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं.

मग तो म्हणाला, "म्हणजे काका, बाबांना तेव्हाही काही झालं नव्हतं ना?"

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. कुंताबाईने चालता हात कसाबसा उचलून कपाळाला लावला आणि वाकड्या तोंडाने एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मालकाले काई नाई झालं नं? मंग बरं झालं."