वहिनींची रानातली चूल

वहिनी गेल्याचं सांगायला उमापूरचा गडी बीडला आला, तेव्हा मी तसाच त्याच्याबरोबर निघालो. पिकलं पान गळायचंच. पण महिना उलटला तरी त्यांच्या राहुटीतले दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत...

निजामाचं राज्य होतं. दादा जंगलात महकम्यात, म्हणजे वनखात्यात, दरोगा. उन्हाळा तोंडावर आला की बालाघाटाच्या सरकारी रानात त्याचा दौरा निघे. दरोग्याच्या बायकोनं घरी बसायचं, हा रिवाज वहिनींनी पहिल्याच वर्षी मोडला. पोळपाट-लाटण्यासकट संसार छकड्यात घालून त्या निघाल्या. मी तेव्हा वकिलीच्या परीक्षेत आपटून रिकामा, म्हणून सोबतीला. आमच्या भावजींची कचेरी चुलीपाशीच भरते, असं त्या आल्यागेल्याला सांगत. खोटं नव्हतं ते. धावड्याच्या सावलीत, वाळल्या गवताच्या वासात त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, तशी पुन्हा कुठं मिळाली नाही.

त्यांचा हट्ट एकच. मुक्काम हलवताना चूल पाण्यानंच विझवायची, राख हाताला गार लागेपर्यंत. घरी आपण उद्यासाठी विस्तव राखेत जपून ठेवतो. रानात त्यांना त्याचीच धास्ती.

एका चैत्रात शिरूरच्या वरच्या अंगाला आमचा झरा आटला. दादा पुढच्या मुक्कामी गेलेला, त्यांच्या लहानग्या शांताला ताप, घागरीत तळाला पाणी, आणि पुढची विहीर दुपारपर्यंत लागायची नाही. गाडीवानानं चुलीवर माती लोटली. वहिनींनी ती उकरली तर खाली निखारे लाल. वारा सुटला होता. त्यांनी घागर उचलली.

"वहिनी, पोरीसाठी ठेवा." माझा आवाज चढला.

"राखंखाली इस्तू जित्ता ऱ्हातो, भावजी. डोंगर पेटला तर खालच्या वाडीतल्या लेकरांचं काय?"

आणि ओतलं. मी वाटभर त्यांच्याशी बोललो नाही. शांता पाणी पाणी करत होती. तिला मांडीवर घेऊन वहिनी मुकाट रडत होत्या. विहीर लागल्यावर तिला पहिला घोट पाजला आणि त्या तिथंच मटकन बसल्या. पोर वाचली.

वहिनींना उमापूरच्या मळ्यातच अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला आमच्यात बायका येत नाहीत, पण शांता आली. आता तिलाही नातवंडं आहेत. तिला अडवणार कोण? अस्थी गोळा झाल्या, दूध शिंपडलं. भोवती कापलेल्या ज्वारीचा वाळका सड. ऊन डोक्यावर आलं होतं आणि माझा घसा सुकला होता. कळशीत थोडं पाणी उरलं होतं. मी ओंजळ पुढं केली. शांतानं माझ्याकडं बघितलं, मग राखेत हात घातला.

"काका, अजून धग हाय."

तिनं कळशी राखेवर उपडी केली. पुढं केलेली ओंजळ मी मागं घेतली. घर लांब होतं, तहान तर फारच लागली होती, पण या खेपेला मी भांडलो नाही.