टाकीतला फिल्टर

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मोडनिंबहून सोलापूरला न्यावं लागायचं. गाडी मीच चालवायचे. एका सकाळी मोहोळ ओलांडलं आणि गाडी गचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढेना. रडतरखडत दवाखाना गाठला, तोवर आण्णांची पाळी हुकली होती. दुपारपर्यंत ते व्हरांड्यात बाकावर बसून राहिले. पाय सुजलेले, पण तक्रार नाही.

आण्णांनी उभं आयुष्य डिझेलची जीप चालवली होती. म्हणाले, "फिल्टर बदल की."

"आण्णा, या पेट्रोलच्या गाडीला बदलायचा इंधनाचा फिल्टर नसतो. सर्व्हिसिंगच्या पुस्तकात त्याची ओळसुद्धा न्हाई."

"बिगरफिल्टरची गाडी आसती व्हय?"

सर्व्हिस सेंटरमधला सुपरवायझर पोरगेला होता. फिल्टरचं विचारल्यावर म्हणाला, "असतो मॅडम, पण टाकीत, पंपासोबत. लाइफटाइम आहे, बदलावा लागत नाही." त्याने प्लग बदलून गाडी परत दिली. घरी जाताना पुन्हा तेच गचके.

आण्णांना त्याचं ‘लाइफटाइम’ सांगितलं, तर म्हणाले, "लाइफटाइम म्हंजी कुणाचा?"

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि गाडी पुन्हा नेली. "टाकीत आहे ना? मग माझ्यासमोर पंप बाहेर काढा."

"तसं आम्ही काढत नाही, मॅडम. काही निघालं नाही तर?"

"तर नाही निघालं. पण बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही. परवा मला पेशंट घेऊन यायचंय."

दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं आणि पंप वर घेतला. पेट्रोलचा भपकारा आला. पंपाच्या तळाची, पेट्रोल गाळणारी जाळी काळीकुट्ट झाली होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं आणि ते सुपरवायझरपुढे धरलं. "साहेब, ह्यातनं पेट्रोल कुटनं येनार?"

टाकीच्या तळाशीही बारीक लाल गाळ होता. तो बघून मला आमच्या फाट्यावरची टपरी आठवली. घाईच्या दिवशी तिथल्या बाटल्यांतलं पेट्रोल मी किती वेळा ओतलं होतं! तेही मी त्या दोघांना सांगून टाकलं. फिल्टर पंपातच बसवलेला, सुटा मिळत नव्हता. अख्खा संच बदलावा लागला. टाकी धुऊन गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात आली.

त्यानंतरच्या खेपेला मोहोळच्या पुढे मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी सरळ पुढे झेपावली. आण्णा शेजारी कान देऊन इंजिन ऐकत होते. "आता बराबर," म्हणाले आणि सीट मागे करून झोपले. दवाखान्यात आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो.