प्रकृती उत्तम

आमच्या आतोबांइतका निरोगी माणूस मी तुरुंगाबाहेर पाहिला नाही. तुरुंगात ते चौदा वर्षे होते. मांजर्लीच्या प्लॉटच्या कुंपणावरून भांडण झाले, त्यांनी शेजाऱ्याच्या डोक्यात पहार घातली, तो मेला. आणि वकिलाने पढवलेले एकही वाक्य न बोलता, "मीच मारला," असे कोर्टात सांगून अंबरनाथच्या कारखान्यातला हा फोरमन पंचावन्नाव्या वर्षी जन्मठेपेवर गेला. आत गेल्यावर माणसे खंगतात. आतोबा सुधारले. बराकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते रोज तीन तास चालत, आणि घास बत्तीस वेळा चावायचा हा नियम तुरुंगातल्या पातळ वरणालाही लावीत. बेलवलीला आत्याकडे त्यांची पत्रे येत, त्यांत विरहाचे अक्षर नसे. मेथीदाणे किती वेळ भिजवावेत यावर दोन पाने असत. मी तेव्हा आत्याकडेच राहत होतो. ती पत्र मला वाचायला लावी आणि रक्तदाबाची गोळी गिळता गिळता म्हणे, "हा माणूस कैदेत आहे की हवापालटाला गेलाय?"

त्यांच्या शेजारी उल्हासनगर कॅम्प दोनचा एक म्हातारा सिंधी कापडवाला झोपे. त्याची कायमची धरलेली कंबर आतोबांनी आसने करवून मोकळी केली. भेटीच्या जाळीपाशी तो आत्याला म्हणाला, "भाभी, इन्होंने तो मुझे जवान कर दिया. अब यहाँ से छोड़ेगा कौन?"

ही थट्टा होती. पण पुढे खरोखरच डॉक्टरांची समिती यायचे ठरले. म्हातारे, दुखणाईत कैदी मुदतीआधी सोडायचे होते. तोवर आत्याचे हृदय थकले होते आणि आपल्याजवळ फार दिवस नाहीत हे तिला ठाऊक होते. तिने जाळीला तोंड लावून बजावले, "अहो, त्या दिवशी जरा कण्हा. वाकून चाला. एवढं एक खोटं माझ्यासाठी."

"बरं," आतोबा म्हणाले, आणि लगेच लंगडून दाखवले. जाताना डाव्या पायाने, येताना उजव्या. आत्या हसता हसता रडली.

समितीपुढे कापडवाला असा विव्हळला की त्याला बसायला खुर्ची मिळाली. तो सुटला. आतोबाही लंगडतच आत गेले होते, पण तपासणारा डॉक्टर उठताना गुडघ्यावर हात ठेवून 'आई गं' म्हणाला आणि आतोबांना राहवले नाही. "साहेब, या वयात गुडघे? हे बघा," म्हणून त्यांनी पंचवीस बैठका मारून दाखवल्या. कागदावर शेरा पडला: प्रकृती उत्तम. मरायला टेकल्याशिवाय माणूस घरी पाठवण्याच्या लायकीचा होत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या भेटीत मी त्यांना नको ते बोललो. आत्याने फक्त विचारले, "खरंच दुखत नाहीत ना गुडघे?"

"नाही गं."

"मग बरंय."

ती त्याच वर्षी गेली. आतोबांना थोड्या दिवसांची रजा मिळाली. जिना सरसर चढून ते आले आणि तिच्या रिकाम्या खाटेशी थांबले. म्हणाले, "हिला कुणी फिरायला नेत नव्हतं का रे?"

नदी घरापासून दहा मिनिटांवर होती. माझ्या संध्याकाळी आत्याच्याच शेजारच्या खोलीत, पुस्तकात गेल्या होत्या.

"नाही, आतोबा."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मग तू तरी जात जा," म्हणाले.

आता तेही नाहीत. मी जातो; रोज नाही, पण जातो.