मस्कतची सावली आणि म्हात्रेबाई

म्हात्रेबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझ्याच वर्गात. रोह्याजवळच्या आमच्या शाळेत मी नवी शिक्षिका, आणि पेणहून रोज एसटीने येणाऱ्या बाई सर्वांत ज्येष्ठ. 'बसू का गो तुझ्या वर्गात?' असं विचारून त्या शेवटच्या बाकावर मुलांमध्ये जाऊन बसल्या. मी मोठ्या ऐटीत स्मार्ट टीव्हीवर सावल्यांचा व्हिडिओ लावला. वर्ग चिडीचूप, आणि माझी कॉलर ताठ.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, 'मुलं गप्प बसली म्हणजे त्यांना समजलं असं नाय. मलाच अर्धं कळलं नाय.' खरं सांगते, मला राग आला. निवृत्तीला टेकलेल्या बाईंनी मला टीव्ही वापरायला शिकवावं? दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच व्हिडिओ लावला आणि दोन मिनिटांत थांबवला. 'आता पुढं काय होईल, सांगा बघू.' वर्गात नुसता कल्ला झाला.

एक सना तेवढी गप्प राहिली. वडील नोकरीसाठी मस्कतला गेल्यापासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मी प्रगतिपुस्तकात 'अबोल' असं लिहून मोकळी झाले होते. बाईंना मात्र चैन पडेना. त्या तिच्या घरी गेल्या, आईशी बोलल्या, वडिलांची शिफ्ट विचारून घेतली आणि एका दुपारी पटांगणात काठी रोवून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. रेंज जाऊ नये म्हणून स्वतः मोबाइल धरून ओट्यावर उन्हात उभ्या राहिल्या.

आमच्या काठीची सावली अगदी आखूड होऊन पुन्हा वाढायला लागली होती. तिकडे वडिलांनी झाडूचा दांडा उभा केला, तर त्याची सावली अजून कमीच होत होती. 'तिकडं सूर्य मागं राहिला,' एक जण म्हणाला. 'असं कसं? मला तर काय कळत नाय,' बाई म्हणाल्या. हे सोंग त्यांना फार छान जमतं.

तेवढ्यात सना बोलली, 'मागं नाय राहिला. आपल्याकडची दुपार उरकून तो आता अब्बांकडं चाललाय.'

फोनवर वडिलांचा चेहरा एकदम जवळ आला. मला रडू आलं. थोड्या वेळाने तिकडची सावली सर्वांत आखूड झाली, आणि तसं का, हे सनानेच वर्गाला समजावून सांगितलं. त्या दिवसापासून मी व्हिडिओ मध्येच थांबवायला शिकले.

बाई आता निवृत्त होऊन साठीच्या झाल्या. पेणहून त्यांचा फोन येतो, 'आज मुलांनी काय विचारलं गो?' कधी सांगण्यासारखं काही नसलं, तर मी ओशाळते.

बाईंची प्रकृती ठणठणीत राहो, हे आम्हा सर्वांचं मागणं. सनाचं मागणं जरा वेगळं आहे. बाईंना विचारायच्या प्रश्नांची तिने एक वही केली आहे. ती भरेपर्यंत बाईंनी कुठंही जायचं नाही, असं तिने बजावलं आहे. परवा वही बघितली. शेवटचं पान जवळ आलं, तसे तिने मागे नवे कागद शिवले आहेत.