फुलोऱ्यातली फवारणी
तुरीवरच्या औषधाचा उग्र वास आला की मला लोहाऱ्याजवळचा तो बांध आठवतो. माझ्या मधमाश्यांच्या पेट्या तिथं होत्या, शेजारच्या म्हाताऱ्याची तूर पिवळीधमक फुलली होती आणि तो सकाळीच पाठीवर पंप घेऊन निघाला. मी म्हणालो, "मामा, सांजच्याला फवारा, माश्या आता फुलांवर हायत." तो हसला, "अळी थांबती व्हय सांजपतोर? बोलव की तुझ्या माश्या घरी." मी भांडलो, शेवटी हातही जोडले. पेट्या बंद कराव्यात तर बाहेर गेलेल्या बाहेरच राहिल्या असत्या. दुपारी माश्या पेट्यांच्या दारात तडफडत पडल्या. त्यांनी फुलाफुलांवर फिरून धरवलेल्या शेंगांनी म्हाताऱ्याचं शेत लगडलं. भेटला की तो आजही मला त्या औषधाचं नाव सांगतो, म्हणतो, "शेंगा ह्याच्यामुळंच लागल्या."