बाबांची वर गेलेली लेकरं

बाबांच्या हाताखालच्या पायलटांवर मी आजही जळते.

बाबा गेले, आज हिंगोलीत त्यांचं पुण्यानुमोदन झालं. एअर व्हाइस मार्शल म्हणून रिटायर झालेले, राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलेले बाबा. सीमेवर तणाव असताना त्यांनी अख्खा हवाई तळ कसा सांभाळला, यावर सगळे भरभरून बोलले.
अभिमान वाटलाच.

पण माझं लक्ष मागच्या रांगेत होतं. पिकल्या केसांची चार-पाच माणसं, बाबांचे जुने पायलट, लांबून आलेली. रडत होती.
माझ्याहून जास्त.

नव्वदच्या दशकात बाबा स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर होते. आई हिंगोलीत शिक्षिका, म्हणून आम्ही दोघी इथेच. बाबा सुट्टीपुरते.
आकाशात विमान दिसलं की आत्या चिडवायची, "हात कर गं, तुझा बाप खाली बघून राहिला असंल."
मी करायची. प्रवासी विमान असलं तरी.

बाबांचा नियम होता. स्क्वाड्रनचं शेवटचं विमान उतरल्याशिवाय जेवायचं नाही.

दहावीच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो. माझा वाढदिवस होता, आईनं पुरणपोळ्या केलेल्या. दुपार टळली तरी बाबांचा पत्ता नाही. शेवटी मी क्वार्टरवरून फोन लावला.

"बाबा, या ना. भूक लागली."
"तुमी बसा जेवायला. माझं एक लेकरू वर हाय अजून."
"आणि मी?"
"काहून चिडून राहिली? तू तर जमिनीवर हायेस!"

मी जेवले. रागानं दोन पोळ्या जास्त.

प्रत्येक पायलटच्या आईचं नाव त्यांना पाठ. माझी इयत्ता मात्र विचारावी लागायची.

आज कार्यक्रम संपल्यावर त्या मागच्या रांगेतले एक जण जवळ आले. म्हणाले, "सर मेस में भीमगीत गाते थे। क्या आवाज़ थी! आपने तो रोज़ सुना होगा।"

बाबा गायचे?

घरी कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत.

"नहीं सुना," मी म्हटलं. "आप सुनाइए।"

ते गडबडले. मग पंजाबी वळणाच्या मराठीत हळूच सुरू झाले. बाकीचे सरकत जवळ आले. प्रत्येकाला शब्द येत होते. कुठे थांबायचं, कुठे टाळी द्यायची, सगळं बाबांनीच शिकवलेलं.

माझ्या बापाचं गाणं मी त्यांच्याकडून ऐकत होते.

संपल्यावर एवढंच म्हणता आलं, "एक बार और।"

जयभीम, बाबा.
तुमची एकुलती एक लेक.